पंखे जोरात फिरतात तेवढा वेळ

आवाज थांबला तेव्हा त्याचा अर्धा गाल साबणाखाली होता. त्याने नळ बंद केला, रेझर तसाच हनुवटीपाशी धरला आणि कान टवकारले. भिंतीपलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरचे पंखे नेहमी आधी जोरात घुमत आणि मग हळूहळू खाली बसत, पाहुणा दारात मोठमोठ्याने बोलतो आणि खुर्चीत टेकल्यावर आवाज उतरवतो तसे. आज ते बसले नाहीत, एकदम गेलेच. "झालं," तो आरशातल्या अर्ध्या पांढऱ्या तोंडाला म्हणाला. टॉवेल खांद्यावर टाकून खोलीत आला तर स्क्रीन काळी, बटणाभोवतीचं निळं कडं विझलेलं, आणि टेबलाखालची ती काळी पेटी जणू तिने आयुष्यात कधी वीज पाहिलीच नव्हती अशी बसलेली. त्याने बटण दाबलं. पंखे घुमले, बसले, स्क्रीनवर रोजचं चित्र आलं, सगळं शहाण्यासारखं. गालावरचा साबण वाळून कातडी ताणायला लागली होती. दारात आई येऊन उभी होती. "आता बरं आहे ना?" तिने विचारलं. आता बरं आहे, असं त्याने सांगितलं, आणि ती मान हलवून समाधानाने स्वयंपाकघरात गेली.

ही मशीन तयार विकत आणलेली नव्हती, म्हणूनच तिचं चुकणं त्याला इतकं लागत होतं. तो एअर कंडिशनिंगच्या पत्र्याच्या नळांचे आराखडे काढायचा. मोठमोठ्या इमारतींत हवा कुठून येते, कुठे वळते आणि कुठे जाते यावर त्याचं पोट होतं. ऑफिसने एक मजला सोडला आणि निम्म्या लोकांना घरूनच काम करा म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने एकेक भाग निवडून, आणून, जमिनीवर चादर अंथरून ती स्वतःच्या हाताने जोडली. आई शेजारी पाटावर बसली होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई ती. टाचण्यांच्या डबीच्या झाकणात तिने सगळे स्क्रू घेतले होते आणि तो हात पुढे करील तसा एकेक स्क्रू ती त्याच्या तळव्यावर ठेवत होती, न विचारता, बरोबर मापाचा. तो दिवस फार चांगला गेला होता. पेटी कुठे ठेवायची हा प्रश्नच नव्हता. घरात जाड पिनेचं सॉकेट एकाच खोलीत होतं, बाबांच्या, आणि तेही पलंगाच्या उशाशी. पलंग वर्षापूर्वीच उचलला होता. तिथे टेबल आलं आणि टेबलाखाली लाकडी स्टुलावर मशीन. खोली तापते म्हणून त्याने पंखे जरा जास्तच लावले होते, आणि आतलं सगळं सुरू होऊन त्यांच्यावर ताबा येईपर्यंत ते बेफाम फिरत. पहिल्यांदा बटण दाबलं आणि तो आवाज उठला तेव्हा आई एक पाऊल मागे सरली होती. आश्चर्याने सरली असं तेव्हा त्याला वाटलं होतं, आणि त्याला अभिमानही वाटला होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नेम. ऑफिसात नवीन पोरांना तो हेच सांगायचा. एखाद्या हॉलमध्ये हवा पोचत नसेल तर चार ठिकाणी एकदम हात घालायचा नाही, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि न कळता सुधारलेलं पुन्हा बिघडतं. म्हणून त्याने आधी वायर बदलली. मग सॉकेट उघडून स्क्रू आवळले. मग वीज पुरवणारा आतला डबा बदलला. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बरे जात, त्याच्या जिवात जीव येई, आणि मग एका सकाळी दाढी करताना किंवा आंघोळीला बसल्यावर पलीकडे तीच शांतता. कामात असताना मशीन कधी पडली नाही, संध्याकाळी पडली नाही. फक्त सकाळी, फक्त सुरू होताना. आणि तो समोर खुर्ची टाकून बसला की तर मुळीच नाही. डॉक्टरांच्या दारात पोराचा खोकला थांबावा तसं. जुन्या मशीनपासूनची त्याची सवय होती की बटण दाबायचं आणि आपलं आवरायला निघून जायचं, आणि ही मशीन त्या सवयीवर डूख धरून असावी असं त्याला वाटायला लागलं. आपण हसतोय, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही त्याला कळत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्या सकाळी होईल की नाही याचा विचार यायचा, छातीत बारीक धडधड व्हायची, आणि एका खोक्यासाठी एवढी धडधड कशाला, हा प्रश्न विचारायच्या आत तो कूस बदलायचा.

मशीनच्या आतल्या नोंदींत कधी काही सापडे, कधी नाही. सापडे ते एवढंच, की मागच्या वेळी नीट बंद न होता वीज गेली; आणि एकदा, बटण दाबून धरलं गेलं होतं. यावर तो दिवसभर खूश होता. बटण अडकत असणार. त्याने पुढची चौकट काढली, बटण सोडवलं, मीटर लावून पन्नास वेळा दाबून पाहिलं, आतली धूळ ब्रशने झाडली. बटण निर्दोष होतं. पार्ट विकणारा दुकानदार, जो आता त्याला लांबून पाहिलं की स्टूल पुढे करायचा, म्हणाला की साहेब, रॅम बदलून बघा, थंड असताना रॅम कुरकुरते. दुकानदाराच्या बोलण्यात नेहमी अशी ठाम माया असे, कुठलाही भाग वाईट नसतो, फक्त त्याची वेळ भरलेली असते, असं. त्याने रॅम घेतली.

ती बसवली त्याच आठवड्यात आई ताईकडे राहायला गेली होती. घर रिकामं, चहा स्वतःचा स्वतः, आणि मशीन रोज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू. सात सकाळी, एकही चूक नाही. शेवटच्या दिवशी तर त्याने दाढी करताना गाणं म्हटलं. रॅमच होती, त्याने दुकानदाराला फोन करून सांगितलं, आणि दुकानदार म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं? दोघांनाही बरं वाटलं. त्याचा नेम मात्र त्या आठवड्यात मोडला होता, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि ज्याने आयुष्यभर पोरांना तेवढंच शिकवलं त्याच्या ते लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. पुढे कित्येकदा त्याने स्वतःला हे विचारून पाहिलं आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायच्या आधी उठून पाणी प्यायला गेला.

ताई आईला सोडायला आली ती पिशव्या खाली ठेवायच्या आधीच त्याला गॅलरीत घेऊन गेली. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, बोलायला सडेतोड, पण त्या दिवशी तिला सुरुवात सापडत नव्हती. तिच्या नवऱ्याची नवी पँट लांब होती. आई म्हणाली, दे, मी आखूड करते. ताईकडे शिलाई मशीन होतीच. आईने पँट छान आखूड केली, इस्त्री करून घडी घालून दिली. नवऱ्याने पायांत चढवली तर एक पाय घोट्याच्या वर आणि दुसरा जमिनीवर लोळतोय. आईने एकच पाय दोनदा आखूड केला होता. "आधी आम्ही सगळे हसलो," ताई म्हणाली, "आईसुद्धा हसली. मग ती पँट घेऊन आत गेली आणि तोच पाय तिसऱ्यांदा दुमडायला लागली." तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल, मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू या, असं ताईचं म्हणणं होतं; आईला असं दिवसभर एकटं ठेवणं बरं नाही, असंही. एकटी कुठे, मी घरातच असतो की, तो म्हणाला, आणि आवाज जरा चढला. शेवटी ठरलं ते असं, की महिनाभर बघायचं; काही वेगळं वाटलं तर त्याने सांगायचं, आणि मग ताई आईला आपल्याकडे नेईल, कायमची. "पण लपवायचं नाही हं," ताई म्हणाली. "तुला रोज दिसतं, मला दिसत नाही. मी तुझ्या डोळ्यांवर विसंबून राहणार आहे." लपवायला आहे काय, असं तो हसत म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने आईला चष्मा करून आणला. नंबर खरोखरच थोडा वाढला होता आणि त्याला भलताच आनंद झाला.

आणि आई आल्याच्या तिसऱ्या सकाळी मशीन पुन्हा गेली.

नवी रॅमसुद्धा खराब, हे सांगायला तो दुकानात गेला तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदाच स्टूल पुढे केलं नाही. त्याने रॅम काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावली, तास-दोन तास चालवली, काही झालं नाही. मग तो हात पुसत सहज म्हणाला, "घरी आणखी कोण असतं, साहेब?"

"आई असते. का?"

"नाही, त्या वेळेला मिक्सर, गीझर असलं काही लावतात का त्या? लाइनवर भार येतो कधीकधी, म्हणून विचारलं."

"माझी आई कशालाही हात लावत नाही," तो म्हणाला. ते इतकं कडक आलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. दुकानदाराने रॅम कागदात गुंडाळून निमूट परत दिली. तो बाहेर आला. रस्त्यात एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, खाली दुसरा उभा राहून त्याला डावीकडे, उजवीकडे असं सांगत होता, आणि तो उगाचच तिथे थांबून बघत राहिला. दुकानदार बिचाऱ्याने मिक्सरबद्दल विचारलं होतं. नुसत्या मिक्सरबद्दल. मग आपल्याला झोंबलं काय? घराच्या वाटेवर तो हे घोळवत चालला आणि वळणावर त्याने विचारच बदलला, उद्याच्या आराखड्यातल्या एका कोपऱ्याचा विचार करायला घेतला. तो विचार सोपा होता, त्याला मापं होती.

हात लावू नकोस, हे शब्द त्या घरात नवे नव्हते. शेवटच्या वर्षात बाबांची फुप्फुसं निकामी झाली तेव्हा उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं होतं, त्याच सॉकेटवर, त्याच लाकडी स्टुलावर. ते सुरू होताना घों करून उठायचं आणि मग दिवसरात्र दम टाकत राहायचं, बाबांच्या बरोबरीने. दोघांतला कोण दमलाय ते दुसऱ्या खोलीतून कळायचं नाही. बाबांना त्या आवाजाचा वीट आला होता. झोपच लागत नाही, म्हणायचे, पाच मिनिटं बंद करा ते, नुसती पाच मिनिटं. आई विचारायची, "ह्यांना आवाज सहन होत नाहीये रे. थोडा वेळ बंद करू का?" आणि तो सांगायचा, नको आई, हात लावू नकोस, बटणाला अजिबात हात लावायचा नाही. बरोबरच सांगायचा; डॉक्टरांनी तसंच बजावलं होतं. पुढे त्याने बटणावर चिकटपट्टीच लावून टाकली. आई पलंगाशी बसायची, हात मांडीत, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला, आणि बाबा तिच्याकडे बघत राहायचे. ते गेले तेव्हा मशीन चालूच होतं. कोणीतरी ते बंद केलं असणार, पण कोणी, ते त्याला आठवत नाही. परत न्यायला माणूस आला तेव्हा चिकटपट्टी अजून बटणाच्या बाजूला लोंबत होती.

मशीन पडते त्या क्षणी स्क्रीनवर एखादी ओळ चमकून जात असेल तर ती फोनवर टिपून घ्या, असा सल्ला त्याने कुठेतरी वाचला होता. त्याने पुस्तकांच्या थप्पीवर फोन उभा केला, स्क्रीन आणि खालची पेटी दोन्ही दिसतील असा, रेकॉर्डिंग सुरू केलं, बटण दाबलं आणि दाढीला गेला. गालाला साबण लावताना त्याला वाटलं, आज होऊ नये. इतके दिवस दोष सापडावा म्हणून धडपडणाऱ्या माणसाला असं वाटावं याचं त्याला नवल वाटलं नाही. नळ त्याने मुद्दाम मोठा सोडला. तरीही पलीकडची शांतता ऐकू आलीच. त्याने दाढी पूर्ण केली, तोंड धुतलं, टॉवेल वाळत घातला, त्याच्या कडा जुळवल्या, आणि मग खोलीत जाऊन फोन हातात घेतला.

आधी त्याचंच बोट दिसलं, मग त्याची पाठ. पंखे उठले. स्क्रीन उजळली. थोडा वेळ नुसता तो आवाज. मग चौकटीच्या कडेला साडीची निरी आली, अनवाणी पावलं आली. आई खाली बसली, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. पेटीच्या वरच्या पत्र्यावर तिने हात ठेवला आणि तो मागेपुढे फिरवला, पाठीवरून फिरवतात तसा. "हो, हो," ती म्हणाली. "किती दमवलं तुम्हाला. तो आत गेलाय. झोपा जरा." मग तिने दाराकडे पाहिलं, बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. कडं विझलं. पंखे थांबले. आई तशीच बसून राहिली, कान देऊन. मग पदर सावरून उठली आणि पाऊल न वाजवता गेली.

त्याने ते पुन्हा पाहिलं नाही. खुर्चीत बसून राहिला. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. आली ती भीती, आणि भीतीच्या मागून लाज, कारण आपल्याला हे नवीन नाही हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पन्नास वेळा बटण तपासलं, त्यावरच्या बोटाचा विचार टाळला. आता उपायही समोरच होता आणि तो फार सोपा होता. बटणापासून आत जाणारी दोन बारीक तारांची जोडी उपसायची, आणि मशीन सुरू करायचं एखादं दुसरं बटण टेबलाच्या आतल्या बाजूला लावायचं. आई दाबत राहील, काही होणार नाही, हळूहळू सोडून देईल. ताईला सांगायचं कारण उरणार नाही. आई इथेच राहील, त्याच्या घरात, सकाळी दारात येऊन आता बरं आहे ना विचारेल. त्याने खरोखरच बाजूचा पत्रा काढला. ती तारांची जोडी चिमटीत धरली. एवढ्याशा तारा, ओढल्या की सुटणाऱ्या. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा, मग बराच वेळ कशाचाच नाही, आणि तो चिमटी तशीच धरून त्या 'कशाचाच नाही'कडे कान लावून बसला. ती आत काय करत असेल? उभी असेल? कोणता पाय आखूड करायचा राहिलाय ते आठवत असेल? तारा ओढल्या तर यापुढे असाच बसेन मी, त्याला वाटलं, प्रत्येक शांततेला कान लावून, आणि प्रत्येक शांततेचं कारण झाकत.

त्याने तारा सोडल्या आणि ताईला फोन लावला. "तू म्हणाली होतीस ना, काही वेगळं वाटलं तर सांग," तो म्हणाला. मग त्याने पँटपासून नाही, बाबांच्या मशीनपासून सांगायला सुरुवात केली. उद्या दुपारपर्यंत येते, ताई म्हणाली, डॉक्टरांची वेळही घेते. फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं, तू जेवलास का? सकाळची वेळ होती, पण तो हो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी त्याने बटण दाबलं आणि दाढीला गेला नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसला. पंखे उठले, सगळे एकदम, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो त्यांचा आवाज कामाच्या कानांनी ऐकत नव्हता. तिला काय ऐकू येतं ते ऐकत होता. आई दाराशी आली आणि त्याला पाहून थबकली. तिचा हात पदराआड गेला, काहीतरी लपवल्यासारखा. नव्या चष्म्याच्या आडून तिने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ह्यांना दम लागलाय रे," ती हळूच म्हणाली. "थोडा वेळ बंद करू का?"

आता पंखे आपोआपच खाली बसतील, जरा थांब, असं तो म्हणू शकला असता. ते खरंही होतं.

"कर," तो म्हणाला. "कर बंद."

तिला ते लगेच पटलं नाही. तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, खरंच ना, असं. त्याने मान हलवली. तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, बटणावर बोट ठेवलं आणि दाबून धरलं. खोलीतला आवाज गेला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर सरकवत होतं, तेवढं ऐकू यायला लागलं. आईचे खांदे खाली आले. उन्हाची तिरीप स्टुलावर पडत होती म्हणून तिने खिडकीचा पडदा ओढला आणि ओठांवर बोट ठेवून त्याला बाहेर चल अशी खूण केली. तो उठला. चपला दारातच होत्या. त्या वाजतील म्हणून त्याने त्या हातात घेतल्या आणि तिच्या मागोमाग अनवाणी बाहेर आला.